गोळ्यांची वर्गवारी

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. ती नर्सिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टी संपताच औषधशास्त्राची परीक्षा होती, त्यामुळे फराळाच्या ताटाशेजारी तिची वही कायम उघडी असे. एका पानावर वरपासून खालपर्यंत औषधांची नावे होती : डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, बस्पिरोन, प्रोप्रॅनोलॉल, हायड्रॉक्सिझीन, सर्ट्रालीन... वर मथळा होता, 'चिंताशामक औषधांचे वर्गीकरण'. ती डोळे मिटून नावे म्हणत होती, पाढे म्हणावेत तशी.

मी विचारले, "हे वर्गीकरण कशावरून केलंय गं?"

"तीच तर पंचाईत आहे, मावशी. एका पुस्तकात रासायनिक रचनेवरून आहे, दुसऱ्यात किती वेळ परिणाम टिकतो त्यावरून, आणि सरांच्या नोट्समध्ये तिसरंच काहीतरी. एकच गोळी तीन ठिकाणी तीन रकान्यांत जाते. मग खरं कुठलं?"

प्रश्न चांगला होता. शाळेत आपणही वर्गीकरण शिकवतो : वनस्पतींचे, प्राण्यांचे, मूलद्रव्यांचे. ते का करायचे, हे मात्र बहुधा सांगायचे राहून जाते. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हाला दोन महिन्यांनी घरातच मिळाले. ती हकीकत शेवटी सांगते. आधी ही गोळ्यांची वर्गवारी नीट समजून घेऊ या.

एका वर्गाच्या अनेक रांगा

आपल्या वर्गातली पन्नास मुले डोळ्यांसमोर आणा. प्रार्थनेला ती उंचीप्रमाणे उभी राहतात. हजेरीपटात आडनावाप्रमाणे येतात. कबड्डीसाठी वजनाप्रमाणे गट पडतात आणि रक्तदानाची माहिती भरताना रक्तगटाप्रमाणे. मुले तीच असतात, रांगा वेगळ्या असतात. यांतली कुठली रांग 'खरी' असे आपण विचारत नाही. प्रत्येक रांग एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते, एवढेच.

औषधांचेही तसेच आहे. पलंगाशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला काही प्रश्न पडलेले असतात. या गोळीने रुग्णाला नेमके काय होईल? किती वेळात होईल? किती वेळ टिकेल? कशाबरोबर दिली तर धोका आहे? आणि बंद करायची वेळ आली तर कशी करायची? चिंताशामक औषधांची वेगवेगळी वर्गीकरणे ही या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. गंमत म्हणजे ती ज्या क्रमाने सुचली तो क्रम हाच या औषधांचा इतिहास आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. चिंता हा मुळात आजार नव्हे. समोरून भरधाव ट्रक आला की छाती धडधडते, तळहात ओले होतात, स्नायू ताठ होतात. ही शरीराची धोक्यासाठी केलेली तयारी आहे. मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या बदामाएवढ्या भागाचा त्यात मोठा वाटा असतो. ट्रक निघून गेल्यावर ही तयारी ओसरायला हवी. ती ओसरत नाही, किंवा ट्रक नसतानाच सुरू होते, आणि माणसाचे काम, झोप, जेवण बिघडते, तेव्हा तिला विकार म्हणायचे. औषधाचा प्रश्न तिथून पुढचा.

पहिली वर्गवारी : परिणामावरून

एकोणिसाव्या शतकात मज्जासंस्था शांत करण्यासाठी ब्रोमाईडचे क्षार देत असत. १८६४ मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बार्बिट्युरिक आम्ल तयार केले. त्या आम्लाने झोप येत नाही, पण त्यापासून बनवलेल्या संयुगांनी येते. एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी १९०३ मध्ये बार्बिटाल हे संयुग झोपेचे औषध म्हणून पुढे आणले. १९१२ मध्ये फेनोबार्बिटाल आले. पुढची सुमारे पन्नास वर्षे या बार्बिट्युरेट गटाचे राज्य होते.

त्या काळी वर्गीकरण सोपे होते. औषधाने माणूस शांत झाला की ते 'शामक', झोपला की 'निद्राकारक', शुद्ध हरपली की 'भूल देणारे'. अडचण अशी की बार्बिट्युरेटच्या बाबतीत ही तीन वेगळी औषधे नव्हतीच. एकाच जिन्याच्या त्या पायऱ्या होत्या. मात्रा वाढवली की शांततेतून झोप, झोपेतून बेशुद्धी, आणि आणखी वाढवली की श्वास बंद. उपयोगी मात्रा आणि प्राणघातक मात्रा यांत अंतर फार थोडे होते. चुकून दोनदा गोळ्या घेतल्याने किंवा जाणूनबुजून घेतल्याने असंख्य माणसे गेली. परिणामावरून केलेली वर्गवारी परिचारिकेला 'काय होईल' ते सांगत होती, पण 'कुठे थांबेल' ते सांगत नव्हती.

१९५० च्या दशकात आणखी एक वर्गवारी आली आणि तिच्या कथेत मुंबईचाही भाग आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे केले गेले. ते रक्तदाब उतरवतेच, शिवाय मनोरुग्णांची तीव्र खळबळही शांत करते, असे दिसले. झोप न आणता शांत करणाऱ्या अशा औषधांना 'ट्रँक्विलायझर' म्हणू लागले.

लवकरच त्यांचे दोन भाग पडले. रेसरपीन, क्लोरप्रोमॅझीन यांसारखी गंभीर मनोविकारांवरची औषधे 'मोठी' आणि चिंतेवरची औषधे 'छोटी'. हे 'छोटी' विशेषण पुढे फार महागात पडले. छोट्या औषधाचा धोकाही छोटा असणार, असा समज डॉक्टर आणि रुग्ण दोघांचाही झाला. आज हे नामकरण मागे पडले आहे, पण समज पूर्ण गेलेला नाही.

'छोट्या'मधले पहिले गाजलेले औषध मेप्रोबामेट. फ्रँक बर्जर हे मूळचे झेक शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये पेनिसिलिन टिकवणारे रसायन शोधत होते. त्यांच्या एका संयुगाने उंदीर जागे राहूनही शांत आणि शिथिल होत, हे त्यांनी १९४६ मध्ये नोंदवले. त्या धाग्यावरून अमेरिकेत मेप्रोबामेट तयार झाले आणि १९५५ मध्ये ते 'मिलटाउन' या नावाने बाजारात आले. त्याचा खप इतका झाला की दुसऱ्या कंपन्यांना स्वस्थ बसवेना.

दुसरी वर्गवारी : रचनेवरून

त्या दुसऱ्या कंपन्यांपैकी एकीत, न्यू जर्सीतल्या हॉफमन-ला रोशच्या प्रयोगशाळेत, लिओ स्टर्नबाख काम करत होते. ते ज्यू होते. पोलंडमधल्या क्राकूव्ह येथे शिकून, युरोप सोडून, १९४१ मध्ये ते अमेरिकेला आले. मेप्रोबामेटपेक्षा चांगले औषध शोधा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी क्राकूव्हमध्ये रंगद्रव्यांसाठी अभ्यासलेली जुनी संयुगे पुन्हा बाहेर काढली. त्यांची सुमारे चाळीस रूपे बनवली. प्राण्यांवर तपासली तर सगळी निरुपयोगी ठरली. काम थांबले, टेबलावर बाटल्या साचल्या.

१९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर करताना अर्ल रीडर या सहकाऱ्याला एका बाटलीत छान स्फटिक दिसले. हे संयुग तपासायला पाठवायचे राहून गेले होते. टाकून देण्याऐवजी त्यांनी ते पाठवले. निकाल आला : प्राणी शांत होतात, स्नायू सैल पडतात, झटके थांबतात, आणि तरीही ते जागे असतात.

बाकी सगळी निष्क्रिय असताना हे एकच सक्रिय का? स्टर्नबाख यांनी रचना तपासली तेव्हा कळले, की शेवटच्या अभिक्रियेत रेणूने अनपेक्षित उडी मारली होती. सहा अणूंचे एक कडे फुगून सात अणूंचे झाले होते. या सात अणूंच्या कड्यात दोन नायट्रोजनचे अणू आणि शेजारी चिकटलेले बेंझीनचे कडे. नाव फोडून पाहा : 'बेंझो' म्हणजे बेंझीनचे कडे, 'डाय' म्हणजे दोन, 'अझ' म्हणजे नायट्रोजन, 'एपीन' म्हणजे सात अणूंचे कडे. बेंझोडायझेपीन! हे पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साईड, १९६० मध्ये 'लिब्रियम' नावाने आले. १९६३ मध्ये त्याचे अधिक प्रभावी भावंड डायझेपाम 'व्हॅलियम' नावाने आले. १९६९ ते १९८२ या काळात अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारे औषध हेच होते.

रचनेवरून वर्गवारी केल्याचा मोठा फायदा म्हणजे नावावरून गट ओळखता येतो. शेवटी '-झेपाम' किंवा '-झोलाम' असेल तर बहुधा ते या कुटुंबातले. मात्र इथे मुलांना एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. क्लोरडायझेपॉक्साईड कुटुंबातलाच, पण शेपूट वेगळे. उलट कार्बामाझेपीन ऐकायला भाऊबंद वाटते, पण ते या गटातले नाही. ते अपस्मारावरचे वेगळे औषध. आणि आपल्याकडे मिळणाऱ्या एटिझोलाममध्ये बेंझीनच्या जागी गंधक असलेले थायोफीनचे कडे आहे, तरी काम तेच करते. देवमाशाला 'मासा' म्हणण्याची चूक फक्त प्राणिशास्त्रातच होते असे नाही!

तिसरी वर्गवारी : कुठे काम करते यावरून

व्हॅलियमच्या कोट्यवधी गोळ्या खपल्या तरी ती मेंदूत काय करते हे बरीच वर्षे माहीत नव्हते. १९५० मध्ये मेंदूत गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, थोडक्यात 'गॅबा', सापडले होते. पुढे कळले, की मेंदूतला हा प्रमुख आवर घालणारा संदेशवाहक आहे. एक चेतापेशी दुसरीला 'थांब, जरा दमाने' असे सांगते, ते गॅबाच्या मार्फत. १९७७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिले, की मेंदूत बेंझोडायझेपीन घट्ट पकडून ठेवणाऱ्या ठरावीक जागा आहेत. या जागा गॅबाच्या ग्राहीवरच असतात.

हा ग्राही म्हणजे चेतापेशीच्या आवरणात बसवलेला एक दरवाजा. पाच प्रथिने गोलाकार उभी राहून तो बनतो. गॅबा येऊन चिकटला की दरवाजा उघडतो, क्लोराईडचे ऋणभारित आयन आत जातात आणि पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही.

आता दोन्ही औषधगटांतला फरक पाहा. बेंझोडायझेपीनमुळे गॅबाच्या हाकेला दरवाजा अधिक वेळा उघडतो. बार्बिट्युरेटमुळे तो उघडला की जास्त वेळ उघडा राहतो, आणि मात्रा मोठी असेल तर गॅबा नसतानाही उघडतो. म्हणजे बेंझोडायझेपीन गॅबावाचून काही करू शकत नाही. मेंदूत गॅबा जेवढा, तेवढ्याच मर्यादेत त्याचा जोर. बार्बिट्युरेटला अशी मर्यादा नाही. आपण वर पाहिलेला 'जिना' बार्बिट्युरेटमध्ये थेट तळघरात का जातो आणि बेंझोडायझेपीनमध्ये सहसा मध्येच का थांबतो, याचे हे कारण.

'सहसा' हा शब्द महत्त्वाचा आहे. दारूही याच ग्राहीवर काम करते. मॉर्फिनसारखी अफूवर्गीय औषधे वेगळ्या वाटेने, पण श्वसनच मंद करतात. बेंझोडायझेपीन एकटे असताना जी मर्यादा असते ती यांच्या सोबतीने मोडते आणि श्वास थांबू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक इंजेक्शन आणि ही औषधे दोन्ही चालू असलेल्या रुग्णाचे श्वास परिचारिका घड्याळ लावून मोजते. कार्यस्थान कळल्याचा आणखी एक लाभ म्हणजे उतारा. फ्लुमॅझेनिल हे औषध त्याच जागेवर बसून बेंझोडायझेपीनला हुसकावते. तेही बेताने वापरावे लागते, कारण दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्याला त्याने झटके येऊ शकतात.

माझ्यासारखीला यातला सर्वांत आवडता प्रयोग झुरिचचा, १९९९-२००० मधला. तिथल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या ग्राहीच्या एका प्रथिनातले एकच अमिनो आम्ल बदलले. अल्फा-१ प्रकारचे प्रथिन असे बदलले तर डायझेपाम देऊनही उंदरांना गुंगी येईना, पण त्यांची भीती मात्र कमी होई. अल्फा-२ बदलले तर उलट, भीती कमी होईना. म्हणजे झोप आणि निश्चिंती यांचे दरवाजे वेगळे आहेत. रुग्णालयातली नेहमीची औषधे मात्र आजही दोन्ही दरवाजे वाजवतात, आणि म्हणूनच गोळी घेतलेल्या माणसाने वाहन चालवू नये, व वृद्ध रुग्ण रात्री उठला तर त्याला हाताला धरून न्यावे.

चौथी वर्गवारी : किती वेळ टिकते यावरून

आता परिचारिकेच्या सर्वांत कामाची वर्गवारी. औषधाचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. किरणोत्सर्गी पदार्थांच्या धड्यात मुलांना हा शब्द भेटतोच. प्रौढांमधले साधारण आकडे असे :

मिडॅझोलाम : २ ते ३ तास
अल्प्राझोलाम : ११ ते १२ तास
लोराझेपाम : १० ते २० तास
क्लोनाझेपाम : ३० ते ४० तास
डायझेपाम : २० ते ५० तास

डायझेपामची गोष्ट इथे संपत नाही. यकृतात त्याचे रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो तोही सक्रिय असतो आणि कित्येक दिवस रेंगाळतो. लोराझेपामपासून असा सक्रिय पदार्थ बनत नाही. यकृत त्याला एका टप्प्यातच निष्क्रिय करून बाहेर काढते. म्हणून वृद्धांना किंवा यकृत कमजोर असलेल्यांना या गटातले औषध द्यावेच लागले, तर डॉक्टर बऱ्याचदा लोराझेपाम निवडतात.

हा मुद्दा वर्गात गणिताने छान समजतो. दोन काल्पनिक औषधे घ्या. 'अ'चा अर्धायुकाल १२ तास, 'ब'चा ४८ तास. दोन्हींचे रोज रात्री १० एकक द्यायचे. चोवीस तासांनी 'अ'चा एक चतुर्थांश उरतो, म्हणजे २.५. दुसऱ्या रात्री गोळी दिल्यावर शरीरात १२.५, तिसऱ्या रात्री १३.१, आणि पुढे ते १३.३ वर स्थिरावते. 'ब'चे मात्र चोवीस तासांनी सुमारे ७१ टक्के उरते. दुसऱ्या रात्री १७, तिसऱ्या रात्री २२, चौथ्या रात्री जवळजवळ २६, असे करत ते ३४ च्या आसपास जाऊन थांबते. गोळी तीच, पण दोन आठवड्यांनी शरीरात जवळजवळ साडेतीनपट औषध! 'परवापर्यंत आजोबा ठीक होते, आज अचानक अडखळतात कसे?' या प्रश्नाचे उत्तर अनेकदा या बेरजेत असते.

आता दोन्ही गोळ्या एकाच दिवशी बंद करा. दोन दिवसांनी 'ब' ३४ वरून १७ वर आलेले असेल. 'अ' १३.३ वरून ०.८ वर, म्हणजे जवळजवळ शून्यावर. हा उतार लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

नावाने फसवणारी मंडळी

चिंतेवरची सगळीच औषधे गॅबाच्या दारातून जात नाहीत. बस्पिरोन हे १९८६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध सेरोटोनिनच्या एका ग्राहीवर काम करते. गुंगी नाही, सवय नाही. पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. प्रोप्रॅनोलॉल मूळचे हृदयाचे औषध. जेम्स ब्लॅक यांनी ते १९६० च्या दशकात शोधले आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते धडधड आणि हातांची थरथर थांबवते, मनातली काळजी नव्हे. आणि दम्याच्या रुग्णाला ते धोक्याचे असते. हायड्रॉक्सिझीन हे मूळ ॲलर्जीवरच्या औषधांच्या जातीचे. प्रीगाबालिन चेतापेशींच्या कॅल्शियमच्या दारांवर काम करते.

आणि सर्वांत महत्त्वाचा गट म्हणजे सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधे. दीर्घकाळच्या चिंताविकारात आज बहुधा पहिली निवड यांचीच असते, पण पुस्तकात ती 'अवसादविरोधी' या रकान्यात असतात. नावापायी घोटाळा होतो. 'मला नैराश्य नाही, मग ही गोळी का?' असे म्हणून रुग्ण ती घेतच नाही. घेतली तर आठवडाभरात 'काही फरक नाही' म्हणून सोडतो, कारण गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते. ही दोन वाक्ये परिचारिकेने आधी समजावून सांगितली तर उपचार टिकतो. याच्या जोडीला विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धतीही तितकीच मोलाची आहे; तिच्यासाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो.

औषधांच्या वर्गवारीने आजाराची वर्गवारीही बदलली, हे सांगायला हवे. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डोनाल्ड क्लाईन यांना दिसले, की इमिप्रामीन या अवसादविरोधी औषधाने रुग्णांचे अचानक येणारे भीतीचे झटके थांबतात, पण झटका येईल ही काळजी राहतेच. म्हणजे दोन्ही एकच चिंता नव्हेत. १९८० मध्ये अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत 'पॅनिक' विकार आणि सर्वव्यापी चिंताविकार असे दोन वेगळे विकार नोंदले गेले.

आत्याची गोळी

आता राहिलेली हकीकत. माझी आत्या एकाहत्तर वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी काका गेल्यावर तिला झोप येईना, म्हणून डॉक्टरांनी अल्प्राझोलामची छोटी गोळी दोन आठवड्यांसाठी लिहून दिली. दोन आठवड्यांची चिठ्ठी सहा वर्षे चालली. ओळखीच्या दुकानातून जुन्या कागदावर गोळ्या मिळत राहिल्या. जानेवारीत ती मुलाकडे दुसऱ्या शहरात गेली. तिथल्या दुकानदाराने नवी चिठ्ठी मागितली, आणि त्याचे बरोबरच होते. आत्या म्हणाली, "जाऊ दे, तेवढीच एक गोळी कमी."

तिसऱ्या दिवशी तिचे हात कापू लागले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, घाम, दाराची कडी वाजली तरी दचकणे, मध्येच असंबद्ध बोलणे. घरच्यांना वाटले, जुना आजार उलटला. कोणी म्हणाले स्मृतिभ्रंश, कोणी म्हणाले ताप डोक्यात गेला. फोन आमच्याकडे आला तेव्हा भाची योगायोगाने इथे होती. तिने तीन प्रश्न विचारले : "आजी कुठली गोळी घेत होत्या? किती वर्षं? कधी बंद केली?" उत्तरे ऐकून ती म्हणाली, "त्यांना आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या, आणि डॉक्टरांना हे तीनही सांगा. झटका येऊ शकतो."

काय झाले होते? सहा वर्षे बाहेरून आवर मिळत राहिल्यावर मेंदूने स्वतःचा आवर सैल केला होता. गोळी एकदम बंद झाली, आणि अर्धायुकाल कमी असल्यामुळे दोन दिवसांत औषध जवळजवळ शून्यावर आले. आपल्या गणितातले 'अ' औषधच. मेंदूला जुळवून घ्यायला वेळच मिळाला नाही. रुग्णालयात डॉक्टरांनी तिला दीर्घकाळ टिकणाऱ्या, 'ब' प्रकारच्या औषधावर आणले आणि पुढचे काही महिने मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली. आता ती त्या गोळीशिवाय झोपते. म्हणजे आत्या वाचली ती गोळ्यांची नावे पाठ असल्याने नव्हे. गोळी कुठल्या रकान्यातली आणि त्या रकान्याचा अर्थ काय, हे कोणाला तरी माहीत होते म्हणून.

हा धोका नवा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मनोपरिणामी द्रव्यांच्या कराराखाली १९८४ मध्ये या गटातली तेहतीस औषधे आणली गेली. भारतात २०१३ मध्ये 'एच-१' ही अनुसूची निघाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम तिच्यात आहेत. वेष्टणावर लाल चौकटीतली सूचना असते, आणि दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध व संख्या वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे ठेवायची असते. अमेरिकेनेही २०२० मध्ये अवलंबित्व आणि गोळी सोडतानाच्या त्रासाचा ठळक इशारा या सर्व औषधांवर सक्तीचा केला. कायदा ही सुद्धा एक वर्गवारीच आहे : 'हे औषध कोणाच्या हाती किती द्यावे' या प्रश्नाचे उत्तर.

वर्गात करता येईल असे काही

या लेखातली दहा औषधांची नावे चिठ्ठ्यांवर लिहा. मुलांचे चार गट करा आणि प्रत्येक गटाला एकच निकष द्या : रचना, कार्यस्थान, टिकण्याचा काळ, गुण यायला लागणारा वेळ. प्रत्येक गटाने चिठ्ठ्या लावल्या की फळ्यावर चारही मांडण्या शेजारी शेजारी काढा. मग विचारा, 'रात्री दोन वाजता रुग्ण घाबरून उठला, तर यांतली कुठली मांडणी कामाची? वर्षभराचे उपचार ठरवताना कुठली? गोळी सोडताना कुठली?' 'ब' औषधाचा आलेख दहावीच्या मुलांना सहज काढता येतो, आणि भूमितीय श्रेणी कशाला शिकायची याचे एक चांगले उत्तरही मिळते.

आणि जाता जाता एक. परीक्षेच्या दिवसांत मुले एकमेकांना 'टेन्शनची गोळी' देतात, हे आपण ऐकतो. गोळी चिंतेवरची असली तरी ती शिकलेले आठवण्याच्या क्षमतेवरही परिणाम करते, हे त्यांना सांगावे. घाबरलेल्या मुलाशी आधी आपण बोलावे. गरज वाटली तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर लावून ठेवावा.

भाची परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झाली. वहीतल्या त्या पानावर मथळ्याखाली तिने आता लाल शाईने एक ओळ लिहिली आहे : 'कशासाठी वर्गीकरण, ते आधी विचारणे.'